रिकामी फेरी

सकाळी साडेसहाला, साइटवर अजून कुणी हेल्मेटसुद्धा चढवलेलं नसताना, वहिनी एकटी लिफ्टमध्ये शिरायची, जाळीचं दार ओढून घ्यायची आणि वर निघायची. बांधकामावरची लिफ्ट म्हणजे इमारतीच्या अंगाला बाहेरून चिकटलेला पिंजरा. एक उभा लोखंडी मनोरा, त्याला दाते, आणि त्या दात्यांवरून कुरकुरत चढणारा हा पिंजरा. दिवसभर त्यातून माणसं जायची, गोण्या जायच्या, दरवाजांच्या चौकटी जायच्या, आणि माणसांबरोबर त्यांच्या घरच्या कटकटीही जायच्या. पण पहिली फेरी रिकामी. कागदोपत्री ती तपासणीची फेरी होती. वहिनीला विचाराल तर ती तिची स्वतःची होती.

अठरा मजले चढायला लिफ्टला चार मिनिटं लागायची. पहाटेचं धुकं असलं की खालचं गेट, टपरी, रस्ता सगळं विरघळून जायचं आणि एकेक मजला समोरून हळूहळू खाली सरकायचा. भिंती नाहीत, खिडक्या नाहीत, नुसत्या खांबांच्या मोकळ्या खोल्या. वहिनीने त्या मनातल्या मनात कधीच्याच लावून टाकल्या होत्या. चौथ्यावर एक नवं लग्न झालेलं जोडपं राहायचं, त्यांच्या पडद्यांवरून रोज भांडण. सातव्यावर एक म्हातारा नुसता बुद्धिबळ खेळायचा, तोही एकटाच, आणि हरायचा. नवव्यावर तिने आपल्या आईला ठेवलं होतं. आई जाऊन सहा वर्षं झाली होती, पण नवव्या मजल्यावरच्या कोपऱ्यातल्या खोलीत ऊन फार छान यायचं, आणि आईला हातपाय शेकायला ऊन लागायचंच. लिफ्ट तिथून जाताना वहिनी मान जराशी कलती करायची. कुणी पाहिलं असतं तर म्हणालं असतं, बाई झोपेत आहे.

ती झोपेत नसायची. मन कुठेही भटकत असलं तरी तिचे कान त्या दात्यांना चिकटलेले असायचे. आठ वर्षं हे काम करून तिला लिफ्टचा खोकला, लिफ्टची सर्दी, लिफ्टचा नुसता रुसवा, सगळं वेगवेगळं ओळखू यायचं. फेरी संपली की खाली येऊन ती हिरवी पाटी लावायची, जाडजूड वहीत वेळ आणि सही टाकायची, आणि मग बाकीचे नव्वद जण वर जायचे. लाल पाटी लावली तर कुणी जायचं नाही. असा नियमच होता. लिफ्ट बंद असताना माणसांना वर पाठवायचं नाही, आणि पाठवलं तर त्यांनी सरळ घरी जावं.

लाल पाटी तिने आठ वर्षांत एकदाच लावली होती. तेव्हा काहीच दिसत नव्हतं, फक्त तेलाचा वास वेगळा येत होता. मोठे इंजिनिअर तणतणले, चार दिवस काम अडलं, सगळ्यांनी तिच्या नाकाचा उद्धार केला. पाचव्या दिवशी मेकॅनिकने गिअरचा डबा उघडला तर आत दात्यांचा भुगा. त्यानंतर मोठे इंजिनिअर वहीत नुसती सही करायचे. वाचायचे नाहीत. म्हणायचे, वहिनींनी लिहिलंय ना, मग मी काय वाचू?

आता तिला सगळे वहिनी का म्हणायचे, तर बारक्यामुळे. बारक्या तिचा धाकटा दीर, याच साइटवर सळ्या बांधायचा. ती लग्न होऊन आली तेव्हा तो एवढासा, कायम नाक वाहणारा. आता त्याला दारातून वाकून यावं लागायचं, पण नाव बारक्याच राहिलं. तो हाक मारायचा वहिनी, म्हणून सळईवाले म्हणू लागले, मग सुतार, मग प्लंबर, आणि शेवटी खुद्द इंजिनिअर. सख्खा दीर एक, पण साइटवर दीर नव्वद.

त्या आठवड्यात साइटवरची हवा बिघडली होती. शुक्रवारी अठराव्या मजल्याचा स्लॅब ओतायचा होता. काँक्रीटच्या चाळीस गाड्या एकामागोमाग येणार, आणि स्लॅब एकदा सुरू झाला की मध्ये थांबता येत नाही. हे सगळ्यांना माहीत होतं, आणि युनियनच्या गोडबोल्याला सगळ्यात जास्त.

गोडबोल्या माणूस दिसायला देखणा, बोलायला लोणी. आवाज कधी चढायचा नाही. युनियनने या लोकांसाठी काहीच केलं नाही असं म्हणणं पाप होईल. डोक्यावर हेल्मेट आलं, प्यायला गार पाणी आलं, पडलेल्या माणसाच्या घरी पैसे जाऊ लागले ते युनियनमुळेच, आणि त्यात गोडबोल्यानेही एकेकाळी मार खाल्ला होता. पण आता त्याचं मागणं निराळं होतं. परांचीचं काम त्याच्या मेहुण्याच्या कंपनीला द्यायचं. कंत्राटदार नाही म्हणाला. मग गोडबोल्याने काम बंद पाडायची भाषा काढली, कंत्राटदार कोर्टात गेला, आणि कोर्टाने सांगितलं की असा संप बेकायदा, केलात तर दंड आणि वर तुरुंग. गोडबोल्या हसला. कायदा त्याला वकिलापेक्षा चांगला पाठ होता. संप करता येत नाही, पण लिफ्टच बंद पडली तर माणसं घरी जाणारच. त्याला संप कोण म्हणेल?

बुधवारी दुपारी तो लिफ्टमध्ये शिरला आणि उतरेचना. दोघं वर गेले, खाली आले, पुन्हा वर गेले. इतर माणसं त्याला पाहून जिन्याने जाऊ लागली.

"वहिनी, शुक्रवारी सकाळी लाल पाटी लावायची," तो म्हणाला. जसं काही शुक्रवारी भाजी आणायची आहे.

"का? लिफ्टला काय झालंय?"

"काही ना काही होतंच की हो. यंत्र आहे. दोन दिवस बंद ठेवा, सोमवारी बरी होईल."

"लाल पाटी मी लिफ्टला विचारून लावते," वहिनी म्हणाली. "तुम्हाला विचारून नाही."

गोडबोल्याने मान डोलावली, जणू तिने फार छान गोष्ट सांगितली. मग बाराव्या मजल्यापासून तळापर्यंत तो हळू आवाजात बोलत राहिला. तुमच्या लायसन्सची मुदत पुढच्या महिन्यात संपते ना. लायसन्स देणाऱ्या समितीवर आपलीच माणसं आहेत. बारक्या गुणी पोरगा. त्याचं युनियनचं कार्ड गेलं तर कुठल्या साइटच्या गेटातून आत जाईल? परवा एका गवंड्याचं गेलं, बिचारा आता फुगे विकतो. मी धमकी देत नाही हां वहिनी. मला कुणाचं वाईट झालेलं बघवत नाही, म्हणून बोलतो.

लिफ्ट खाली टेकली. वहिनीने दार उघडलं. ती आपल्या स्टुलावरून उठली नाही.

"फुगे विकणं काही वाईट नाही," ती म्हणाली.

गुरुवारी साइटवर तिच्याशी कुणी बोललं नाही. नव्वद दिरांपैकी एकानेही मान वर करून बघितलं नाही. कुणी लिफ्टमध्ये थुंकून ठेवलं होतं. बारक्याच्या हेल्मेटमध्ये कुणीतरी ओलं सिमेंट भरलं होतं, आणि त्याच्या टोळीने त्याला दिवसभर सळ्यांजवळ येऊच दिलं नाही. तो खाली ढिगाऱ्यावर एकटा बसून होता. प्रत्येक फेरीला तो तिला जाळीतून दिसायचा, लहान होत जाणारा आणि पुन्हा मोठा होत येणारा.

संध्याकाळी घरी तिचा नवरा, जो बस डेपोत इंजिनं दुरुस्त करायचा आणि दिवसाला मोजून दहा वाक्यं बोलायचा, त्याने त्यातलं एक खर्च केलं. "तुला जे योग्य वाटेल ते कर." हे वाक्य ऐकायला बरं असतं आणि कामाला शून्य येतं. तो आंघोळीला गेला.

बारक्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसला होता. केसांत अजून सिमेंटचे खडे होते. वहिनी कंगव्याने एकेक काढत होती.

"लाव ना गं वहिनी," तो म्हणाला. "दोन दिवसांचा तर प्रश्न आहे. कुणाचा जीव जातोय?"

"दोन दिवसांचा नाही. उद्या मी खोटी पाटी लावली, की परवा माझी हिरवी पाटी बघून वर जाणाऱ्या माणसाने कशाच्या भरवशावर जायचं?"

"माझं कार्ड गेलं तर?"

कंगवा थांबला. तिला वाटलं, आता आपल्याला रडू येईल. त्याला तिने पाढे शिकवले होते, तापात मांडीवर घेऊन बसली होती. स्वतःचं मूल झालं नाही, त्याचं दुःख या पोरामुळे तिला फार दिवस धरता आलं नव्हतं. "गेलं तर आपण बघू," ती म्हणाली. "मी काम करते, तुझा दादा करतो. उपाशी नाही मरणार. पण मी खोटं नाही लिहिणार रे. मला जमत नाही. माझा हातच चालायचा नाही."

केसांतून पडलेला एक खडा त्याने बोटांत चुरडला. मग म्हणाला, "आणि उद्या खरंच बिघाड असला तर?"

"तर लावीन की. गोडबोल्या पाया पडून नको म्हणाला तरी लावीन."

बारक्याने मान वळवून तिच्याकडे पाहिलं. नंतर तो जेवला, दोन चपात्या जास्तच जेवला. वहिनीला वाटलं, पोराचा जीव हलका झाला.

शुक्रवारी धुकं इतकं दाट होतं की लिफ्टच्या दारातून मनोऱ्याचा पायाच काय तो दिसत होता. गेटबाहेर कुणी खोकत होतं, कुणी हसत होतं, पण माणसं दिसत नव्हती. सरकारी निरीक्षक दोघे आलेले होते. संप झाला तर नावं लिहून घ्यायला त्यांना कंत्राटदाराने बोलावलं होतं. मोठे इंजिनिअर फोनवर काँक्रीटच्या गाड्यांना सांगत होते, निघा. वहिनीने दार ओढलं आणि ती वर निघाली.

दुसऱ्या मजल्यापर्यंत जग होतं, त्यानंतर नव्हतं. पांढऱ्या दुधात पिंजरा तरंगत होता, आणि तो वर जातोय की आपणच जागच्या जागी थांबलोय हे कळेना. चौथ्यावरच्या जोडप्याने आज पडदे लावून घेतले होते. सातव्यावरच्या म्हाताऱ्याचा पट धुक्यात बुडाला होता. नवव्यावर आई खुर्ची कठड्याजवळ ओढून बसली होती, ऊन येण्याची वाट बघत. वहिनीने तिला सांगितलं की मी आज हिरवी पाटी लावणार आहे. आई म्हणाली, तू लहानपणापासून हट्टीच. मजला खाली सरकला. वहिनीला इतकं हलकं वाटलं की ही लिफ्ट अठराव्यावर थांबूच नये, अशीच जात राहावी, मजले संपून गेले तरी.

बाराव्याच्या जरा खाली आवाज आला. टक.

तिचा हात आधी चालला, डोकं नंतर. लिफ्ट थांबली. तिने ती हातभर खाली घेतली, पुन्हा वर घेतली. टक. हा रुसवा नव्हता. मनोरा दर तीन मजल्यांवर लोखंडी कैचीने इमारतीला बांधलेला होता आणि प्रत्येक कैचीला चार मोठे बोल्ट होते. तिने पिंजरा हळूच बाराव्याला लावला, दार सरकवलं आणि वाकून पाहिलं. चारपैकी दोन बोल्ट सैल. बोल्टांवर मेकॅनिकने ओढलेली पिवळी रेघ असते, बोल्ट हलला की रेघ तुटलेली दिसावी म्हणून. दोन्ही रेघा तुटलेल्या होत्या आणि लोखंडावर पान्याचे ताजे, चकचकीत ओरखडे होते.

"ऐकू आलं ना?" कुणीतरी म्हणालं.

बाराव्या मजल्यावर, खांबाला टेकून, बारक्या बसला होता. केस दवाने ओले. मांडीवर लांब दांड्याचा पाना. तो पहाटेच जिन्याने चढून आला होता.

"मला माहीत होतं तुला ऐकू येणार," तो म्हणाला. त्याच्या आवाजात चक्क अभिमान होता. "मी दोनच सोडले वहिनी. दोन पक्के आहेत. तू थांबली नसतीस तर मी ओरडणारच होतो, म्हणून तर इथे बसलो. आता बिघाड खरा आहे. तुला खोटं लिहावं लागणार नाही."

वहिनी खाली बसली. थेट धुळीत बसली. पायाखाली बारा मजले धुकं होतं आणि ती त्यातून एकटी वर आली होती, या पोराच्या अंदाजावर लटकत.

"उरलेले दोन पक्के आहेत हे तुला कुणी सांगितलं?" तिने विचारलं.

 बारक्याने पान्याकडे पाहिलं. आपण काय केलं ते त्याच्या चेहऱ्यावर हळूहळू चढत आलं, खालून वर. मग त्या उंच, दांडग्या माणसाने पाना घट्ट धरला. "परत कसतो," तो म्हणाला, "आत्ता कसतो, कुणाला कळणार नाही."

"हात लावू नकोस. एकदा सुटलेला बोल्ट मेकॅनिकने मोजून कसल्याशिवाय मी या लिफ्टमध्ये कुणाला घेणार नाही. तू कसलास म्हणून तर नाहीच."

तिने त्याला एक थप्पड मारली. आयुष्यात पहिली. मग त्याचं डोकं छातीशी धरलं आणि दोघं तसेच बसून राहिले. धुकं मजल्यातून आरपार वाहत होतं, या बाजूने येत होतं आणि त्या बाजूने जात होतं. वहिनीला काही क्षण वाटलं की हा मजलाही तिने रचलेलाच आहे, यात एक बाई आणि तिचा मुलगा राहतात, आणि खाली कुणी त्यांची वाट बघत नाही.

खाली नव्वद माणसं वाट बघत होती. ती बारक्याला पाना तिथेच टाकायला लावून जिन्याने उतरली, पुढे ती, मागे तो. बारा मजल्यांत ती एकच वाक्य बोलली. "तू धुक्यातूनच सळईवाल्यांत जाऊन उभा राहा आणि गप्प बस."

तिने लाल पाटी लावली. माणसांमधून एक उसासा उठला. गोडबोल्या गेटपाशी होता. तो पुढे आला नाही, त्याने नुसती मान तुकवली, शहाण्या माणसाने शहाण्या माणसाला ओळख द्यावी तशी. वहिनीला त्याच्या तोंडावर ओरडून सांगावंसं वाटलं की हे तुझ्यासाठी नाही. पण कुणाला खरं वाटलं असतं? आणि सांगायचं तरी काय होतं?

तिने वही उघडली. वेळ लिहिली. बाराव्या मजल्याच्या कैचीचे दोन बोल्ट सैल, असं लिहिलं. इथवर पेन सरळ चाललं. पुढे 'कारण' असा रकाना होता. बोल्टांना पान्याने कुणी हात लावला असेल तर ते इथे लिहायचं, मग पोलीस येणार, हा बेकायदा संपच ठरणार, आणि नव्वद जणांचा जीव धोक्यात घालणारा माणूस तुरुंगात जाणार. तिला वाटलं होतं की हात चालणार नाही. पण हात चालला. अक्षरही नेहमीसारखंच आलं. वाऱ्याने आणि हादऱ्याने, असं तिने लिहिलं.

मोठे इंजिनिअर मागे दोघा निरीक्षकांना घेऊन तरातरा आले. रागाने त्यांचे कान लाल झाले होते. चाळीस गाड्या वाटेत होत्या. त्या जुन्या लाल पाटीनंतर आज पहिल्यांदा त्यांनी वही हातात घेऊन वाचली. दोनदा वाचली.

"वहिनी," ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज एकदम खाली आला. "माझ्याकडे बघा. या लोकांनी तुमच्यावर जबरदस्ती केलीये का?"

"गोडबोल्या म्हणाला होता लाल लावा. मी नाही म्हणाले." हे खरं होतं.

"मग? बोल्टांना कुणी हात लावलाय?"

सळईवाल्यांच्या घोळक्यात बारक्या सगळ्यांहून वीतभर उंच दिसत होता. तो तिच्याकडेच बघत होता. सांगेल की काय आता, असं तिला वाटलं, आणि त्याने सांगू नये म्हणून ती घाईने बोलली.

"नाही," वहिनी म्हणाली. "कुणीच नाही."

मोठ्या इंजिनिअरांनी वही मिटली. मग त्यांच्या खांद्यांतला राग उतरला. ते निरीक्षकांकडे वळले. "नावं लिहू नका. हा संप नाही. या बाईंनी लिहिलंय म्हणजे तसंच झालेलं आहे. मेकॅनिक सोमवारी येईल, तोवर सगळे घरी." निरीक्षकांपैकी एकाने, वर जाऊन एकदा बघून येऊ का, असं विचारलं. "गरज नाही," इंजिनिअर म्हणाले. मग फोन काढून एकेका गाडीला ते परत फिरायला सांगू लागले.

माणसं पांगली. जाताना सुताराने तिला नमस्कार केला. एक प्लंबर म्हणाला, वहिनी, आज तुम्ही आम्हाला वाचवलंत. धुकं विरत होतं आणि वरचे मजले एकेक करून उघडे पडत होते, मोकळे, रिकामे, त्यांत कुणीही राहत नव्हतं.

इंजिनिअरने शेवटच्या गाडीला फोन केला, परत येऊन नोंदीखाली सही केली आणि वही तिच्या हातात दिली. ते जायला वळले, पण थांबले.

"तुम्हाला तसं विचारायला नको होतं," ते म्हणाले. "तेही सगळ्यांसमोर. माफ करा मला, वहिनी."